मोरीत टाकलेले औषध कुठे जाते?

रविवारी मिस्सा आटोपला की कुणीतरी हळूच एक पिशवी हातात देते. "फादर, घरात औषधे उरली आहेत. कुणा गरिबाला उपयोगी पडतील." देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पिशवी उघडली की तिच्यात खोकल्याची बाटली, तापाच्या गोळ्या आणि त्यांच्याबरोबर कॅप्सूलच्या अर्ध्या उरलेल्या स्ट्रिपा निघतात. डॉक्टरांनी पाच दिवसांचे औषध दिले, दोन दिवसांत बरे वाटले, बाकीचे तसेच राहिले. काहीजण उरलेले औषध पिशवीत न घालता मोरीत ओततात किंवा संडासात टाकतात. घरातून गेले म्हणजे संपले, असे आपण समजतो.

वाचकहो, ते औषध संपत नाही. ते कुठे जाते, तिथे काय घडवते आणि आपल्याच घरी कोणत्या वाटेने परत येते, हे आज आपण पाहू. सुरतेत राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांनी आणि आसपासच्या गावांत शेती व दूधदुभते करणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे, इतके ते महत्त्वाचे आहे.

१९९४ ची आठवण

जुन्या मंडळींना १९९४ चा सप्टेंबर आठवत असेल. त्या पावसाळ्यात शहरात पाणी भरले, ओसरताना चिखल, कचरा आणि मेलेली जनावरे मागे ठेवून गेले आणि त्यानंतर सुरतेत प्लेगची साथ आली. पन्नासच्या आसपास माणसे दगावली. लाखो लोक शहर सोडून निघाले. खान्देशात आपल्या गावी परतलेली कितीतरी कुटुंबे त्यांत होती. त्या दिवसांत एका औषधाचे नाव घरोघरी पोहोचले: टेट्रासायक्लिन. ज्याला ताप होता त्याने ते घेतले, ज्याला ताप नव्हता त्यानेही घेतले. पाहता पाहता औषधांच्या दुकानांतला साठा संपला.

त्या औषधाने रोग्यांचे प्राण वाचवले, यात शंका नाही. पण सुरत पुढे सुधारली ती कॅप्सूलने नव्हे, झाडूने आणि गटारांनी. १९९५ साली एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. कचरा रोज उचलला जाऊ लागला, गटारे व पाण्याच्या नळांची कामे झाली, आणि दोन वर्षांपूर्वी ज्या शहराला लोक नाके मुरडत होते त्याची गणना देशातल्या स्वच्छ शहरांत होऊ लागली. हा धडा आपण लक्षात ठेवू, कारण लेखाच्या शेवटी तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

पोटातले औषध गटारात कसे येते?

टेट्रासायक्लिन, अमॉक्सिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन ही सारी जंतुनाशक औषधे. त्यांना प्रतिजैविके किंवा अँटिबायोटिक म्हणतात. ती जिवाणूंना मारतात किंवा त्यांची वाढ थांबवतात. आपण कॅप्सूल गिळली की सगळे औषध शरीरात जिरत नाही. अमॉक्सिसिलिनचा निम्म्याहून अधिक भाग काही तासांत जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर पडतो. सिप्रोफ्लॉक्सासिनचाही बराच मोठा भाग असाच निघून जातो. अझिथ्रोमायसिन मुख्यतः शौचावाटे बाहेर येते. म्हणजे उरलेले औषध मोरीत न टाकणाऱ्या घरातूनही रोज थोडे औषध गटारात जातच असते. त्यात इस्पितळांचे पाणी मिळते. गोठ्यातल्या म्हशीला टोचलेले आणि कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलेले औषध मुतातून व विष्ठेतून येऊन मिळते.

त्याच गटारात माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यांतले असंख्य जंतूही येतात. म्हणजे एकाच नळीत जंतू आणि त्यांना मारणारे औषध एकत्र वाहू लागतात. हा योग वाईट आहे. औषध भरपूर असते तर जंतू मेले असते. पण गटारातल्या पाण्यात ते फार पातळ झालेले असते. अशा पातळ औषधात कमजोर जंतू मागे पडतात आणि ज्यांच्यात औषध पचवण्याची थोडी शक्ती आहे ते टिकतात. अनुकूल स्थितीत काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. एका रात्रीत या चिवट जंतूंची केवढी प्रजा वाढेल, हिशेब करून पाहा.

शेतकऱ्याला हे सहज कळेल. फवारणीचे औषध वारंवार कमी प्रमाणात मारले की त्याला दाद न देणारी कीड शिल्लक राहते आणि पुढच्या हंगामात तीच शेतभर पसरते. गटारात जंतूंचे असेच होते. फरक एकच की जंतूंजवळ आणखी एक युक्ती आहे. औषध निकामी करण्याचे ज्ञान पुष्कळदा जंतूच्या शरीरात एका लहानशा कड्यासारख्या तुकड्यावर असते. हे कडे एक जंतू शेजारच्या जंतूला देऊ शकतो, मग तो शेजारी वेगळ्या जातीचा का असेना. निरुपद्रवी जंतूने शिकलेली विद्या अशा रीतीने रोगाच्या जंतूकडे जाते. रंगकामाच्या किंवा रसायनांच्या सांडपाण्यात तांबे, जस्त असे धातू असतील तर त्यांच्यामुळेही असे चिवट जंतू टिकून राहण्यास मदत होते, कारण धातू सहन करण्याची आणि औषध सहन करण्याची शक्ती कधीकधी त्याच कड्यावर असते.

शुद्धीकरण केंद्र काय करते, काय करत नाही

सुरत महापालिकेची अंजना, भटार, करंज, सिंगणपोर, बमरोली, भेसाण अशा ठिकाणी मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रे आहेत. तिथे प्रथम जाळीतून कचरा अडवतात, वाळू खाली बसू देतात. मग मोठ्या टाक्यांत हवा सोडून चांगल्या जंतूंकरवी मैल्यातली घाण खाऊन घेतात. नंतर गाळ खाली बसवतात आणि वरचे पाणी क्लोरीन देऊन सोडतात. अंजना केंद्रात मैल्याच्या गाळापासून निघणाऱ्या वायूवर २००३ पासून वीज तयार होऊ लागली. बमरोली येथे २०१४ साली आणखी एक पायरी पुढे गेलेले केंद्र सुरू झाले. तिथे रोज ४ कोटी लिटर पाणी बारीक पडद्यांतून गाळून पांडेसऱ्याच्या कापड-कारखान्यांना पुरवण्याची सोय झाली, त्यामुळे तितके गोडे पाणी वाचते. शहराला याचा अभिमान वाटावा असेच हे काम आहे.

तरीपण एक गोष्ट समजून घ्यावी. नेहमीची शुद्धीकरण केंद्रे घाण, दुर्गंधी आणि जंतूंची एकंदर संख्या कमी करण्यासाठी बांधलेली असतात. औषधाचे अंश किंवा जंतूंची ती कडी काढून टाकणे हे त्यांचे मूळ काम नव्हे. जंतू पुष्कळ घटतात, पण थोडे उरतात. हवेच्या टाकीत तर अब्जावधी जंतू दाटीने एकत्र येतात आणि एकमेकांना कडी देण्याची त्यांना आयतीच संधी मिळते. खाली बसलेल्या गाळातही औषधाचे अंश चिकटून राहतात. बारीक पडद्यांचे केंद्र यापैकी बरेच अडवते, पण असे गाळणे खर्चाचे असते आणि शहराचे सगळे सांडपाणी त्यातून जात नाही. आणि जे पाणी नळीतून केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, उघड्या नाल्यातून खाडीत आणि खाडीतून पुढे जाते, त्यावर तर कोणतीच प्रक्रिया होत नाही.

दूरचे तीन दाखले

ही भीती कागदावरची नाही, हे दाखवणारे तीन दाखले सांगतो.

पहिला तेलंगणातल्या हैदराबादजवळच्या पाटणचेरूचा. तिथे औषधे बनवणारे पुष्कळ कारखाने आहेत. त्यांचे सांडपाणी एका सामायिक केंद्रात शुद्ध करून सोडले जाई. स्वीडनच्या संशोधकांनी ते पाणी तपासले आणि २००७ साली निष्कर्ष छापला. शुद्ध करून सोडलेल्या एक लिटर पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही इतके नसते. कारखान्यांच्या पाण्यात औषधाचे किती अंश चालतील याची मर्यादा घालणारा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये काढला होता. २०२१ च्या अंतिम नियमांत मात्र ती मर्यादा आली नाही.

दुसरा दिल्लीचा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत दिल्लीच्या रस्त्यांवर साचलेल्या पाण्याचे १७१ आणि नळाच्या पाण्याचे ५० नमुने घेतले होते. फार जोरदार म्हणून राखून ठेवलेल्या औषधांनाही निकामी करणारा एक जनुक साचलेल्या पाण्याच्या ५१ नमुन्यांत आणि नळाच्या २ नमुन्यांत निघाला. दोन हा आकडा लहान दिसतो, पण तो पिण्याच्या पाण्यातला आहे.

तिसरा दाखला पाकिस्तानातला, सिंध प्रांतातल्या हैदराबाद शहराचा. तिथे नोव्हेंबर २०१६ पासून अशा विषमज्वराची साथ सुरू झाली की नेहमीची जवळजवळ सारी औषधे हरली. तोंडाने घेण्याच्या औषधांपैकी अझिथ्रोमायसिन तेवढे हाती राहिले. शोध घेता गटाराचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत असल्याचे दिसून आले. मुलांना लस देऊन आणि पाण्याकडे लक्ष पुरवून ती साथ आवरण्याचा प्रयत्न झाला. आपल्याकडेही विषमज्वराची औषधे एकामागून एक निकामी होत आली आहेत. क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारी साथ १९७२ सालीच केरळात कालिकतला आली होती. आज भारतात सिप्रोफ्लॉक्सासिनचाही विषमज्वरावर फारसा भरवसा उरलेला नाही.

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज तज्ज्ञांनी २०२२ साली मांडला. बाळंतपण, पोटाची शस्त्रक्रिया, साखरेच्या रोग्याच्या पायाची जखम, नुकतेच जन्मलेले बाळ: या सगळ्यांना वेळ पडल्यास प्रतिजैविक लागते. ते चालेनासे झाले तर साध्या जखमेचाही घोर लागेल.

आपल्या घराशी याचा संबंध काय?

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, भुसावळवरून, प्रकाशावरून खान्देशातून वाहत उकाईच्या धरणात येते आणि तिथून सुरतेला. सुरतेच्या नळाचे पाणी मुख्यतः याच तापीचे. म्हणजे गावाकडे भावाने नदीकाठी जे सोडले ते पाणी आणि इथे बहिणीने हंड्यात भरलेले पाणी एकाच नदीचे. सिंगणपोरचा बंधारा १९९५ साली झाला. त्याच्या वरच्या अंगाला पाणी साठते आणि तिथून शहर पाणी उचलते. वरून येणारी सांडपाण्याची खतावणी किती आहे हे नदीत माजणारी जलपर्णी आपल्याला दाखवतच असते.

महापालिका पाणी गाळून, क्लोरीन घालून देते. धोका पुढे उत्पन्न होतो. पाण्याची जुनी नळी गटाराजवळून गेलेली असते. पाणी ठराविक वेळीच येते, बाकीच्या वेळी नळी रिकामी असते आणि फटीतून बाहेरचे आत ओढून घेते. पावसाळ्यात मिठी खाडीसारख्या खाड्या भरल्या की लिंबायतसारख्या वस्त्यांत गटार आणि रस्ता एक होतात. मुले त्याच पाण्यात खेळतात, बाया त्याच पाण्यातून हंडा आणतात. जुलाब आणि विषमज्वर याच वाटेने घरात शिरतात. त्यावर पुन्हा प्रतिजैविक घेतले जाते, तेही पुन्हा गटारात जाते. असे हे रहाट चालू राहते.

या सगळ्यात एक गोष्ट फार दिलासा देणारी आहे. औषधाला न जुमानणारा जंतू उकळत्या पाण्याला मात्र जुमानतो. साबणापुढेही त्याची खास मात्रा चालत नाही. म्हणून या शत्रूला अडवण्याची साधने आपल्या स्वयंपाकघरातच आहेत.

घरात काय करावे?

१. पावसाळ्यात आणि पाणी गढूळ किंवा वासाचे येईल तेव्हा पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. खळखळ उकळी एक मिनिट राहू द्यावी. मग झाकून, त्याच भांड्यात थंड करावे. ओघराळ्याने काढावे, हात बुडवू नये.

२. शौचाहून आल्यावर, बाळाचे धुतल्यावर, स्वयंपाकापूर्वी आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

३. कच्ची खाण्याची कोथिंबीर, कांद्याची पात, मुळा, काकडी स्वच्छ वाहत्या पाण्यात नीट धुवावी. पावसाळ्यात भाजी शिजवून खाल्लेली बरी.

४. साधी सर्दी, पडसे, बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. त्यावर प्रतिजैविकाचा काही उपयोग नाही. साध्या पातळ जुलाबालाही बहुधा ते लागत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहावे. मिठाचे माप वाढवू नये. मुलाला झिंक किती द्यायचे ते दवाखान्यात विचारावे. शौचात रक्त असेल, ताप चढला असेल, मूल मलूल झाले असेल, डोळे खोल गेले असतील किंवा लघवी बंद झाली असेल तर घरी न थांबता दवाखाना गाठावा.

५. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीवाचून कॅप्सूल मागू नये. शेजाऱ्याला लागू पडली ती आपल्याला चालेल असे मानू नये. डॉक्टरांनी दिली तर सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यावी. त्रास होऊ लागला तर स्वतः बंद न करता त्यांना विचारावे.

६. उरलेले किंवा मुदत संपलेले औषध मोरीत, संडासात, नाल्यात टाकू नये. कचऱ्याच्या नियमांप्रमाणे असे औषध ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळे बांधून, तसे सांगून गाडीवर द्यायचे असते.

गोठ्यात आणि शेतात

म्हशीच्या कासेला सूज आली की काहीजण स्वतःच नळीचे औषध आणून सडात सोडतात. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवल्यावाचून तसे करू नये. औषध चालू असताना आणि नंतर त्यांनी सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत ते दूध डेअरीला घालू नये, घरच्या मुलांनाही देऊ नये. काढण्यापूर्वी आणि नंतर सड स्वच्छ धुऊन पुसले, गोठा कोरडा ठेवला, तर ही सूज पुष्कळदा येतच नाही. कोंबड्या पाळणाऱ्यांनी खाद्याच्या पोत्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. कोलिस्टिन हे माणसाचे शेवटचे राखीव औषध. ते अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यास भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी केली आहे.

ताजे शेण किंवा कोंबडखत भाजीच्या वाफ्यात घालू नये. ढीग करून, ओलावा राखून, अधूनमधून उलथून तीन महिने कुजू द्यावे. चांगल्या ढिगात इतकी उष्णता होते की हात घालवत नाही. त्या उष्णतेने रोगाचे बरेच जंतू मरतात.

शहराच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर भाजी करण्याचा मोह होतो, कारण त्या पाण्यात फुकटचे खत असते. दुसरे पाणी मिळत असेल तर पालेभाजीला हे पाणी देऊच नये. नाइलाज असेल तर पाणी आधी खड्ड्यात साठवून गाळ बसू द्यावा, पानांवर न शिंपडता सरीतून द्यावे, काढणीपूर्वी काही दिवस बंद ठेवावे. कापूस किंवा शिजवून खाण्याचे पीक त्यातल्या त्यात बरे. अशा पाण्यात काम करताना बूट घालावेत आणि पायाची जखम झाकावी. भाताच्या आणि उसाच्या चिखलात राबणाऱ्यांना सुरत, नवसारी, वलसाड भागात लेप्टोचा रोग होतो. तो उंदरांच्या व जनावरांच्या मुतातून येतो. त्यासाठी आरोग्य खात्याचे लोक डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतील तर त्या सांगितल्याप्रमाणे जरूर घ्याव्यात. औषध योग्य वेळी घेणे हा त्याचा अपव्यय नव्हे.

सर्वांनी मिळून

काही कामे एकट्या घराची नाहीत. गल्लीतली फुटलेली गटारे, गटारातून गेलेली नळाची जोडणी, खाडीत सुटणारा उघडा नाला यांची लेखी तक्रार चारचौघांनी सह्या करून प्रभागाच्या कचेरीत द्यावी आणि तिचा पाठपुरावा करावा. नळाच्या पाण्याला वास आला तर त्याच दिवशी कळवावे. विषमज्वराची लस आता लहान मुलांनाही देता येते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली तशी मोहीम काढून मुलांना लस दिली होती. आपल्या मुलांसाठी डॉक्टरांना विचारावे.

१९९४ साली सुरत औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभी होती. १९९५ नंतर तिने हातात झाडू घेतला आणि ती वाचली. आजही क्रम तोच आहे. पाणी आणि गटार नीट राहिले तर जंतू कमी, आजार कमी, औषध कमी, आणि गटारात जाणारे औषधही कमी. मग ज्या दिवशी एखाद्या बाळाला खरोखर त्या कॅप्सूलची गरज पडेल, त्या दिवशी ती लागू पडेल.

म्हणून ती पिशवी आणणाऱ्या बंधुभगिनींना विनंती आहे. प्रतिजैविकांची उरलेली अर्धी स्ट्रिप गरिबाला देऊ नका. अर्ध्या औषधाने त्याचा आजार जाणार नाही, जंतू मात्र शहाणे होतील. गरिबाला मदत करायचीच असेल तर त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा आणि त्याचे पूर्ण औषध विकत घेऊन द्या.